बी बाजूला जागा उरली तर

वाचकाचं पत्र (थोडं कापून)

ताई, नमस्कार.

वय ५९. मूळचा मिरजेचा, गेली तीस वर्षं पुण्यात. नाव छापू नका, गावाचं छापलं तरी चालेल.

माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, मिरजेत गाणी भरून द्यायचं दुकान होतं. १९७९ ते १९९६. लोक यादी घेऊन यायचे, दादा रेकॉर्डवरून कॅसेट भरून द्यायचा. शाळा सुटली की मी दुकानात. दप्तर काउंटरखाली टाकायचं आणि कॅसेटच्या कार्डावर गाण्यांची नावं लिहीत बसायचं, कारण घरात माझं अक्षर बरं.

दादा तीन वर्षांपूर्वी गेला. शेवटचे आठ महिने आमच्याकडेच होता. बायकोनं सगळं केलं. त्याच्या मागं २६० कॅसेटी, दुकानाच्या चार वह्या आणि आणखी ४१ कॅसेटी राहिल्यात. या ४१ भरून तयार होत्या, पण गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही. प्रत्येकीला रबरबँडनं यादीची चिठ्ठी बांधलेली आहे. कशावर ५ रुपये जमा, कशावर १०. दुकान बंद केलं तरी दादानं त्या टाकल्या नाहीत. "पैसे दिलेत त्यांनी, येतील कधीतरी," म्हणायचा.

आता आमची सोसायटी पुनर्विकासाला चाललीय. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची. बायको म्हणते, सगळं भंगारात द्या. मुलगी म्हणते, बाबा, ही सगळी गाणी फोनवर आहेत. खरंच आहेत, मी शोधून पाहिली. मग मला हे सोडवत का नाही?

दुसरं. दहावीच्या आमच्या १९८२ च्या बॅचचा ग्रुप आहे. रोज सकाळी मी त्यावर एक जुनं गाणं टाकतो. आधी सगळे बोलायचे, आता कुणाचा अंगठासुद्धा येत नाही. मागच्या महिन्यात एकानं लिहिलं, "बास की आता. पुढं बघ." ते लागलं.

गेल्या दिवाळीत मिरजेला गेलो होतो. दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं विकतात. समोर जरा वेळ उभा राहिलो आणि तसाच परत आलो. त्या रात्री जेवलोही नाही. मला काही झालंय का? मी मागंच राहिलोय का?

जाता जाता, एका चिठ्ठीवरचं लिहितो, तुम्हाला हसायला येईल. ए बाजूला आठ गाणी, बी बाजूला पाच आणि खाली एक ओळ : "बी बाजूला जागा उरली तर काहीही भरा."

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा ते मला कॅसेटींचं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना भावाचं वाटलं.

"मला काही झालंय का" हे आधी संपवू. तुमच्यासारख्या हुरहुरीला सगळीकडे 'नॉस्टॅल्जिया' म्हणतात, आणि गंमत अशी की हा शब्द जन्मलाच मुळी आजाराचं नाव म्हणून. योहानेस होफर नावाच्या, वैद्यकी शिकणाऱ्या एका स्विस तरुणानं १६८८ मध्ये दोन ग्रीक शब्द जोडून तो तयार केला. घरापासून लांब गेलेली माणसं घराच्या ओढीनं झुरतात, खात नाहीत, झोपत नाहीत, त्या अवस्थेला त्यानं हे नाव दिलं. आज कुणी त्याला आजार म्हणत नाही. आठवणींचा अभ्यास करणाऱ्यांना उलट असं दिसलंय की चाळिशी उलटलेल्या माणसाला आयुष्यातलं काय आठवतं ते विचारलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा ढीग सगळ्यांत मोठा निघतो. तुमचा हिशेब मी करून पाहिला. दादाचं दुकान उघडलं तेव्हा तुम्ही तेरा वर्षांचे असणार आणि बंद झालं तेव्हा तीसचे. अख्खं दुकान त्या ढिगात बसतं. त्यात तुमचा काय दोष?

मात्र एक विचारते. दिवाळीत एक रात्र जेवला नाहीत, ते मी समजू शकते. पण झोप, जेवण, कामातलं लक्ष हे आठवडेच्या आठवडे उडालेलं असेल, तर अशा सदरांना पत्रं लिहीत बसू नका, डॉक्टरांकडे जा. टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आता मुलीचं म्हणणं. गाणी फोनवर आहेत हे तिचं अगदी बरोबर आहे. पण दादाच्या दुकानात नेमकं काय विकलं जायचं, हे तिला ठाऊक असायचं कारण नाही. मला वाटतं, तुम्हीही ते नीट पाहिलेलं नाही.

आपल्या आईवडिलांच्या पिढीपासून बघा. १९५२ मध्ये दिल्लीतलं नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आलं. आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त. चित्रपटातली गाणी त्यांना उथळ वाटायची. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली, आणि देशभरच्या लोकांनी मुकाट्यानं रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. सिलोनवरची गीतमाला सुरू झाली तीही त्याच १९५२ मध्ये. दर बुधवारी रात्री आठला अमीन सयानी बोलू लागले की आमच्या वाड्यात भाकऱ्या थापायचा आवाजसुद्धा थांबायचा, असं आई सांगायची. (भाकऱ्या थांबल्या असतील यावर माझा विश्वास नाही. आजी थांबू देणाऱ्यांतली नव्हती.) आकाशवाणीला जाग येऊन विविध भारती सुरू झाली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला. पण सिलोन घ्या नाहीतर विविध भारती, कुठलं गाणं कधी लागणार आणि कशाच्या मागून कुठलं, हे लांबचं कुणीतरी ठरवायचं. आपल्या हातात एक पोस्टकार्ड. रेकॉर्ड विकत घ्यायची तर आधी ती वाजवायचं यंत्र हवं, आणि एलपी घेतली तरी आवडीची दोन गाणी आणि उरलेली सोबतीला आलेली.

फिलिप्सनं युरोपात १९६३ मध्ये काढलेली ही कॅसेट हळूहळू आपल्या गावांत पोचली. मग तुमच्या दादासारख्यांनी एक टर्नटेबल आणि एक डेक घेऊन 'गाणी भरून मिळतील' अशा पाट्या लावल्या. तेव्हा मिरज जंक्शनवरच्या एखाद्या गँगमनला, इस्पितळातल्या एखाद्या नर्सला जन्मात पहिल्यांदा स्वतःचा क्रम लावता आला. आधी हे, मग ते, आणि हे दोनदा. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. चार मिनिटांचं गाणं धरलं तर सात, ओढूनताणून आठ. तेवढ्यात सगळं बसवायचं म्हणजे काहीतरी गाळावं लागायचं. मी माझी पहिली यादी सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर केली होती, चार दिवस खोडत होते. दुकानदारानं वाचली, दोन गाण्यांवर फुली मारली आणि म्हणाला, ही नाहीत, बदली सांगा. जागेवर उभं राहून बदली गाणं सुचवणं हे दहावीच्या तोंडीपेक्षा अवघड होतं.

तर गाणी फोनवर आहेत. याद्या फोनवर नाहीत. एका गावातल्या ४१ माणसांनी, एका काळात, मन लावून निवडलेल्या आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या त्या याद्या तुमच्या घराखेरीज जगात दुसरीकडे कुठे नाहीत. तुम्हाला सोडवत नाही ते हे.

माझंच सांगते. आम्ही सहा मैत्रिणींनी रेडिओवरच्या फर्माइशीच्या 'आपली आवड'ला कार्ड टाकलं होतं. आता लागेल, मग लागेल म्हणून दर वेळी काकांचा टेपरेकॉर्डर रेडिओच्या पुढ्यात ठेवून आम्ही तयार. एकदाचं लागलं. निवेदिकेनं आमची सहाच्या सहा नावं वाचली, त्यात एकीचं आडनाव चुकवलं, आम्ही किंचाळलो, आणि गाण्याची सुरावट संपून पहिला शब्द येतोय तोवर खट्ट. टेप संपली. पुढची कितीतरी वर्षं मी ते गाणं हुकलं म्हणून हळहळत होते. आज ते मला भाजी निवडता निवडता ऐकायला मिळतं. आणि कपाटातल्या त्या कॅसेटमध्ये फक्त सहा नावं आहेत, एक चुकलेलं आडनाव आणि आमचं किंचाळणं. त्यातल्या दोघी आता नाहीत. गाणं नेमकं भरलं गेलं असतं आणि नावं हुकली असती, तर ती कॅसेट मी केव्हाच देऊन टाकली असती.

आता जरा बोचणारं. तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं. दुकानातल्या फळ्यांवर कॅसेटी कशा लावलेल्या होत्या, भक्तिगीतं वर, गझला मध्ये, कोळीगीतं आणि तमाशाच्या लावण्या डाव्या हाताला, यावर त्यात अकरा ओळी होत्या. जागेअभावी मी त्या काढल्या. आणि तुमच्या भावाचे शेवटचे आठ महिने ज्यांनी काढले त्यांच्यावर तीन शब्द. "बायकोनं सगळं केलं." सगळं म्हणजे काय काय, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत का? ज्या दिराचं औषधपाणी, अंथरूण, रात्रीचं जागणं केलं, त्याचं सामान रोज डोळ्यांसमोर असणं त्यांना कसं वाटत असेल, हे मला इथं बसून कळणार नाही. कदाचित नुसती जागेची अडचण असेल. पण "भंगारात द्या" म्हणणाऱ्या माणसाला जुन्याची किंमत नाही असं धरून तुम्ही चाललायत, आणि ते मला पटत नाही. दुकानातला दादा तुमचा. आजारपणातला दादा वहिनींना, म्हणजे तुमच्या बायकोला, तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एकदा बसून विचारा, कॅसेटींचा विषय न काढता.

जागेचं म्हणाल तर मी मोजलं. डबीसकट एक कॅसेट साधारण अकरा सेंटिमीटर लांब, सात रुंद, दीडपावणेदोन जाड. तुमच्या तीनशे एक कॅसेटी मिळून एक मोठं खोकं होतं. ४१ चं तर बुटाच्या एका खोक्यात भागेल. भाड्याच्या घरात बुटाच्या एका खोक्याला वहिनी नाही म्हणणार नाहीत. अख्ख्या खोक्यासाठी भांडू नका, हरालही आणि जिंकलात तरी पस्तावाल.

आधी २६० चा निकाल लावा. यातल्या कंपनीच्या छापील कॅसेटींवरची गाणी बहुतेक सगळी आज मिळतात. त्या खुशाल द्या. पुण्यात जुना बाजार आहे, जमवणारे लोक आहेत, कुणीतरी नेईल. पण देण्यापूर्वी प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला बघा. तिथं दोन खाचा असतात. कंपनीच्या कॅसेटला त्या उघड्या असतात, म्हणजे वरून काही भरता येत नाही. त्यावर सेलोटेप चिकटवलेला दिसला, तर कुणीतरी मुद्दाम वरून काहीतरी भरलंय असं समजा. आरत्या लिहिलेल्या कॅसेटवर बारशाचा आवाज निघाल्याचं मी पाहिलंय. सेलोटेपवाल्या बाजूला काढा, बाकी जाऊ द्यात. वह्या मात्र चारही ठेवायच्या, त्यावर वाद नको.

मग ४१. रबरबँड ओढू नका. जुनं रबर वितळून कागदाला धरतं, ओढलंत तर अक्षर घेऊन येईल. कात्रीनं कापा, चिकटलेला तुकडा तसाच राहू द्या आणि सगळ्यांत आधी चिठ्ठीचा फोटो काढा. चिठ्ठ्या आणि कॅसेटींना पेन्सिलीनं एकच क्रमांक घाला. चिठ्ठी एकीकडे आणि कॅसेट दुसरीकडे झाली की दोन्ही वाया.

लगेच वाजवायला जाऊ नका. टेपच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसते का पाहा. दिसली तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत, कारण ती वाजवली की बुरशी डेकच्या हेडवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. टेपच्या मागं वाटाण्याएवढा नमद्याचा तुकडा असतो, तो गळून पडलेला असेल तर आवाज दबलेला येतो. टेप खराब झालीय असं समजून लोक अशा कॅसेटी फेकतात. दुसऱ्या एखाद्या रिकाम्या कॅसेटमधला तुकडा काढून लावता येतो. डेक दुरुस्त करणारा शोधा. बहुतेक वेळा आतला रबरी बेल्ट सैल झालेला असतो, तो बदलायचा, आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्यायचं. पहिली चाचणी २६० मधल्या टाकाऊ कॅसेटवर. मग खरी कॅसेट घ्या, सहा कोनांची पेन्सिल घालून हातानं थोडी फिरवा, अडत नाही ना बघा. (हे तुम्हाला मी काय शिकवणार!) त्यानंतर एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांवर बसलेले टेपचे थर सुटे होतात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटी असतील तर त्यांना जपा, त्यांची टेप जास्त पातळ असते आणि गुंतायला निमित्त शोधत असते.

डेकमधून वायर संगणकात घालून ऑडॅसिटी नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये आवाज उतरवता येतो. यात घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरायला साठ मिनिटंच लागतात. ४१ कॅसेटी म्हणजे ४१ तास. रोज एक धरलीत तर सव्वा महिन्याच्या वर. सोसायटी रिकामी करायला तुमच्याकडे तेवढा वेळ असावा. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात ठेवा, फोनसाठी हवी तर लहान प्रत वेगळी करा, आणि दोन ठिकाणी ठेवा. झालं की त्या खाचा उघड्या करा, चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी पुसलं जाणार नाही.

इथंच एक कायद्याचं. दादाचा धंदा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या चौकटीत बसणारा नव्हता, हे तुम्हाला माहीत असेलच. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं चालतो. त्या वेळी गावोगाव अशी दुकानं होती आणि रेकॉर्ड-कंपन्या त्यांच्यावर जळायच्या. म्हणून आता उतरवलेली गाणी चॅनलबिनल काढून जगाला वाटू नका. ज्याची कॅसेट त्याला ती द्या, तेवढं पुरे.

हो, द्या. दादा म्हणायचा ना, येतील कधीतरी? ते येणार नाहीत, आता तुम्हाला जावं लागेल. आणि यासाठी तुमच्याकडे हक्काची जागा आहे, ती म्हणजे तुमचा तो रुसलेला ग्रुप.

रोज सकाळी गाणं टाकणं आजपासून बंद करा. स्पष्ट लिहिते, राग मानू नका. सकाळी साडेसहाला येणारं गाणं आणि सकाळी साडेसहाला येणारा गुलाब यांत लोक फरक करत नाहीत. माझ्या ग्रुपवरही एक जण रोज टाकतात, मी न ऐकता पुढं जाते, आणि त्यांनाही ते कळत असणार. "पुढं बघ" म्हणणारा तुमचा मित्र तुमच्या आठवणींना कंटाळलेला नाही. तयार मालाला कंटाळलाय. ते गाणं त्याच्याही फोनवर आहे.

त्याऐवजी आठवड्यातून एकदा एका चिठ्ठीचा फोटो टाका. नाव झाकून, नुसती यादी आणि अक्षर. खाली एवढंच लिहा : हे अक्षर कुणाचं? सगळे एका गावचे, एका वयाचे, एकमेकांच्या वह्या उतरवून पास झालेले. बघा काय होतं ते. वळणदार 'ळ' वरून माणूस ओळखणारा एक तरी प्रत्येक बॅचमध्ये असतोच. गिऱ्हाईक तुमच्या बॅचचंच असेल असं नाही, पण कुणाचा थोरला भाऊ, कुणाचे गणिताचे सर, कुणाच्या घरासमोरचे शिंपीकाका निघतील. ४१ मधली दहाबारा माणसं सापडली तरी पुष्कळ.

फक्त एक पथ्य. सगळ्या चिठ्ठ्या ग्रुपवर टाकायच्या नसतात. १९८५ साली विशीतल्या पोरानं 'फक्त एस. साठी' असं लिहून पंधरा गाणी भरून घेतली आणि नंतर ती न्यायला आलाच नाही, तर ती कॅसेट का नेली नाही याचं कारण आपल्याला समजायला पाहिजे. तो आज सुखानं आजोबा झालेला असेल आणि त्याच्या घरच्या आजीचं नाव एस.वरून नसेल! अशी चिठ्ठी असेल तर माणूस आधी खासगीत शोधा, त्याला एकट्याला फोन करा आणि तो नको म्हणाला तर विषय संपला. माणूस गेलेला असेल तर घरच्यांना देण्याआधी यादी स्वतः वाचा आणि अक्कल वापरा.

मग मिरजेला पुन्हा जा. गेल्या वेळी तुम्ही रिकाम्या हातानं गेलात आणि नसलेल्या दुकानासमोर उभे राहिलात. तसं कुणीही उभं राहिलं तर परतच येणार. या वेळी पिशवीत तीन कॅसेटी आणि तीन पत्ते असू देत. एकाच्या घरी चहा होईल, दुसरा घरी नसेल, तिसरा म्हणेल मी कधी भरायला टाकली होती, मला आठवत नाही. आठवत नाही म्हणाला तरी देऊन या. वेळ उरला तर सतारमेकर गल्लीतून चक्कर मारा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे ते अगडबंब भोपळे, भुसा, पॉलिशचा वास. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तुम्ही पुण्यात असताना. दर्ग्यात जाऊन या. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, तेव्हापासून तिथं विसावलेत, आणि उरसात त्यांच्यासाठी गायला अजून गवई येतात. तुमच्या अख्ख्या पत्रात मिरजेतलं दुकान सोडून दुसरं काही नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. मी मिरजेची नाही, तरी मला राग आला.

मुलीबद्दल फार लिहीत नाही. तिला बसवून गाणी ऐकवू नका. संगणकाला वायर कशी लावायची तेवढी तिची मदत घ्या. ती जाता-येता थांबली आणि हे कुणाचं अक्षर म्हणून विचारलं, तर सांगा. नाही विचारलं तर तुम्ही सुरू करू नका.

आता ती चिठ्ठी. मला हसायला येईल म्हणालात. आलं नाही.

ए बाजूला आठ गाणी, म्हणजे ती भरली. बी बाजूला पाच, म्हणजे तिथं दहा मिनिटं तरी मोकळी. तुमच्या दादानं सतरा वर्षं लोकांच्या याद्या भरल्या. ज्याला जे हवं ते, ज्या क्रमानं हवं त्या क्रमानं, स्वतःला न आवडणारंसुद्धा. फळ्यांवरच्या अकरा ओळींमध्ये दादाला स्वतःला काय ऐकायला आवडायचं, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. कदाचित तुम्हालाही माहीत नसेल, दुकानात गिऱ्हाईकांचीच गाणी वाजत असणार. आणि इथं कुणीतरी त्याला सांगून गेलंय, काहीही भरा.

त्यानं जे भरलं ते त्या गिऱ्हाइकानंही ऐकलेलं नाही, कारण ते परत आलंच नाही. चारही वह्या चाळा, आणखी कुणी असं लिहून दिलंय का बघा. डेकचा बेल्ट बदलून आला की टाकाऊ कॅसेटवर चाचणी घ्या आणि लगेच ही लावा, क्रमांक काहीही असला तरी. वहिनी घरात असताना लावा, दुपारी, गडबड नसेल तेव्हा. थेट बी बाजू. पुढं पळवू नका. पाचही गाणी संपू देत.